गच्चीवरून डॉट कॉमचा अज्ञात मालक

मला ढग बघण्याचा नाद आहे आणि त्यावर औषध नाही, हे आमच्या घरात आता सर्वांनी मान्य केलं आहे.

विश्रांतवाडीतल्या आमच्या इमारतीला चार मजले आणि वर गच्ची. संध्याकाळी मी खुर्ची घेऊन वर जातो. आळंदी रस्त्यावरची वाहनं खाली कितीही बोंबलत असली तरी मला ऐकू येत नाहीत. (बायकोची हाकही येत नाही, असं तिचं म्हणणं आहे.) ढग सरकतात, त्यांच्या कडांना हळूहळू केशरी रंग चढतो, एखादी घार उगाचच गोल फिरत राहते, आणि मी ते सगळं वहीत उतरवतो. अशा अकरा वह्या भरल्या. निवृत्त झाल्यावर वाटू लागलं की हे कुणीतरी वाचावं. दिवसभराच्या कामाने थकलेलं कुणीतरी असेल, त्याच्यासमोर आपलं आकाश उघडावं आणि त्याने घटकाभर काहीच करू नये.

आमची मुलगी मुक्ता हिंजवडीत नोकरी करते. ती म्हणाली, वेबसाइट काढू, त्यात अवघड काही नाही. मी म्हटलं, काढू, पण फुकटात मिळणारा तो लांबलचक पत्ता मला नको. तो म्हणजे दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू राहिल्यासारखा! दारावर आपलीच पाटी हवी. नावही मनात पक्कं होतं: गच्चीवरून डॉट कॉम. आठवडाभर मी ते जेवताना, चहा पिताना, दाढी करताना मोठ्यांदा म्हणून पाहिलं. मग एका रविवारी चष्मा पुसून कॉम्प्युटरपुढे बसलो, नाव टाईप केलं, आणि उत्तर आलं की हे नाव तीनच दिवसांपूर्वी कुणीतरी घेतलेलं आहे.

कोणी घेतलं ते कळेना, कारण मालकाने स्वतःची माहिती गुप्त ठेवली होती. मला अगदी रडू यायचं बाकी राहिलं. मुक्ताला फोन केला, तर तिने दुसरं नाव शोधा म्हणून सुचवलं आणि लगेच तिला जोरदार ठसका लागला. बायको सुनंदा शेजारीच मटार सोलत होती.

"अहो, चार दिवस दम धरा की," ती म्हणाली. "होईल काहीतरी."

पण तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत पत्रव्यवहाराच्या टेबलावर काढलेला माणूस दम धरत नाही. तो पत्र पाठवतो, आणि मग स्मरणपत्र पाठवतो. नावांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या पानावर मालकाला निरोप धाडायची सोय होती. मी लिहिलं, "महोदय, सदर नाव आपल्या उपयोगाचे दिसत नाही. तरी ते परत करून उपकृत करावे." खाली पूर्ण नाव, हुद्दा (निवृत्त) आणि घरचा पत्ता.

उत्तर नाही. दोन दिवसांनी पहिलं स्मरणपत्र धाडलं. त्यात विचारलं की आपल्याला मुळात गच्ची तरी आहे का. या खेपेला एका ओळीचं उत्तर आलं: "गच्ची आहे. बसायला वेळ मिळत नाही."

किती उद्धट माणूस! त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं. शिवाय सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "महोदय, पानं घेतली आहेत." मला वाटलं, निवृत्तीनंतर घरात आपला मान वाढला.

तिसऱ्या पत्रात मी कचेरीतली सगळी पुण्याई ओतली. मालकाच्या रसिकतेचा, संस्कारांचा आणि फुरसतीचा रीतसर समाचार घेऊन शेवटी लिहिलं, "आपल्यासोबत ज्या जीवाला एका छपराखाली दिवस काढावे लागत असतील, त्याच्याबद्दल मला मनःपूर्वक सहानुभूती वाटते." पाठवलं आणि हलक्या मनाने ढग बघायला गेलो. पश्चिमेला पिंजलेल्या कापसासारखा एक ढग निवांत पसरला होता. तेवढ्यात मोबाइल वाजला. मालकाचं उत्तर आलं होतं:

"सहानुभूती त्या जीवाला कळवली असती, पण तो आत्ता गच्चीवर आहे. खाली आला की सांगते. चहा निवला आहे."

चार मजले मी कसा उतरलो ते आठवत नाही. सुनंदा जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर लॅपटॉप, शेजारी माझ्या वह्या.

"वाढदिवसाला द्यायचं होतं," ती म्हणाली. "रोज दुपारी टाईप करतेय. सातवी वही चालू आहे. अक्षर कसलं हो तुमचं!"

मला फार लाज वाटली. मी वर बसून आकाश बघत होतो आणि ही खाली बसून माझं आकाश एका बोटाने टाईप करत होती. तरी विचारलंच, "मग आता नाव देणार नाहीस?"

"वेबसाइट देईन. नाव माझ्याकडेच राहील. तुमचा पत्रव्यवहार वाचल्यावर कुणी शहाणा माणूस तुमच्या ताब्यात देईल का?"

वाढदिवसाला वेबसाइट सुरू झाली. वह्या सगळ्या वर चढल्या आहेत, मालकी अजून तिचीच आहे. नव्या ढगावर काही लिहिलं की मी तिला रीतसर अर्ज देतो. ती तो शांतपणे वाचते, शुद्धलेखन तपासते आणि खाली शेरा मारते: "सहानुभूतीपूर्वक विचार केला जाईल."