मधल्या बोटाची रेघ

महाडात आम्ही घेतलेलं घर पूर ओसरल्यावर घाईत डागडुजी केलेलं होतं. न्हाणीघराची भिंत ओल धरू लागली, तेव्हा पोलादपूरकडचा एक गवंडी आला. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं तुटलेलं होतं. चहा देताना मी आधीच्या गवंड्याला यथेच्छ शिव्या घातल्या. “असंल कोन तरी,” तो टाइलवर छन्नी ठेवत म्हणाला.

टाइल निघाली. मागचा गिलावा भिजून भुसभुशीत झाला होता, आणि टाइलच्या पाठीवरल्या सिमेंटात बोटांनी ओढलेल्या रेघा होत्या. मधल्या बोटाची रेघ नव्हती.

त्याने हात पाठीमागे नेला. “तवा बी भित वली व्हती. मला दिसत व्हतं,” तो म्हणाला. मलाच मान वर करवेना.

भिंत पुरती सुकल्यावरच त्याने टाइल्स बसवल्या. नव्या सिमेंटाला मात्र बोट लावलं नाही. रेघा थापीच्या टोकाने ओढल्या.