रूथबाईंचा तास

रूथबाई गेल्या. आज पहाटे, वारज्याच्या घरी. त्यांचा भाचा सॅम्युएल, त्याने फोनवर कळवलं.

नर्स म्हणून रिटायर झालेल्या. आमच्या चर्चमध्ये मुलांना शरीराबद्दल खरं सांगणाऱ्या त्या एकट्याच.

आमच्याकडे पंधरा-सोळाव्या वर्षी दृढीकरण होतं, म्हणजे मुलं सगळ्यांसमोर आपल्या विश्वासाची कबुली देतात. त्यानंतरच मुलांना प्रभुभोजनात भाकर आणि सगळ्यांच्या एकाच प्याल्यातला द्राक्षरस मिळतो. आधी काही महिने रविवारी वर्ग असतो. त्यात दहा आज्ञा पाठ करायच्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. रूथबाई पाळकसाहेबांना म्हणाल्या, "व्यभिचार करू नको, हे पोरं घडाघडा म्हणतात. म्हणजे नक्की काय करू नको, ते कोण सांगणार? तुम्ही सांगता?"

पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे एक तास त्यांना देऊन टाकला.

पहिल्या वर्षी माझी मुलगी त्या वर्गात होती. पाळी, गरोदरपण, कंडोम, एड्स, नको असेल तर नको कसं म्हणायचं. घरी येऊन म्हणाली, "बाबा, काहीही विचारलं तरी बाई रागावत नाहीत."

मग त्याच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीने विचारलं, "एकाच प्याल्यातून द्राक्षरस घेतला तर एड्स होतो का?"

"नाही होत," बाई म्हणाल्या. "एका ताटात जेवलं तरी होत नाही."

उत्तर तिथेच राहिलं. घरोघरी गेला तो प्रश्न.

ही का विचारते? हिच्या घरात कोण आजारी आहे?

तिचे वडील. थोड्याच दिवसांत सगळ्यांना कळलं.

पुढच्या प्रभुभोजनाला ते रांगेत उभे राहिले, तर त्यांच्यामागे कुणी जाईना.

रूथबाई पुढच्या बाकावरून उठल्या. त्यांच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यानंतर, त्याच प्याल्यातून प्यायल्या.

मला वाटलं, मिटलं.

लवकरच कमिटीने प्रत्येकासाठी वेगळे छोटे कप आणले.

"स्वच्छता हो, बाई. दुसरं काही नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"अरे वा. म्हणजे इतकी वर्षं आपण घाणीतच प्यायलो."

ते कुटुंब यायचं थांबलं. त्या मुलीचं दृढीकरण राहिलंच.

आणि तासाला अट लागली. पालक मागच्या बाकांवर बसणार.

"बंद पडण्यापेक्षा बरं," म्हणून बाईंनी मान्य केलं.

त्यानंतर एकाही मुलाने प्रश्न विचारला नाही. बाई शेवटी म्हणायच्या, "काही विचारायचंय?" मुलं मागे वळून आईकडे बघायची.

"फार हुशार पिढी," चहा घेताना त्या मला म्हणायच्या. "कुणाला शंकाच नाही."

दर वर्षी फळ्यावर आपला नंबर लिहायच्या. एखादं तरी पोर घरून फोन करेल, ही आशा.

एकदा मी विचारलं, "येतात का हो फोन?"

"येतात की. लग्नाच्या आमंत्रणाचे."

उद्या सकाळी अकराला चर्चमध्ये उपासना, मग दफन.

जूनमध्ये नवा वर्ग सुरू होईल. बाईंच्या तासाला यंदा करिअर गायडन्स आहे. मंडळीतलेच एक जण, हिंजवडीला मॅनेजर आहेत, ते घेतील. सेक्रेटरींनी दुपारी सांगितलं.

पालकांनी मागे बसायची आता गरज नाही, असंही म्हणाले.

सलाम, रूथबाई.