काकांनी चकाकवलेलं लिमिटेड एडिशन

मंडळी, आज सकाळी मोशीला माझ्या मित्राकडे, निखिलकडे गेलो होतो, त्याचं नवं लिमिटेड एडिशन घड्याळ बघायला. जुन्या सिनेमातल्या पायलटच्या घड्याळावर बेतलेलं, मोजकेच नग काढलेले. वापरलेलं वाटावं म्हणून बनवणाऱ्यांनीच त्यावर ओरखडे पाडलेले. आम्हा संग्राहकांना त्याचंच वेड.

निखिलनं डबी उघडली, तर घड्याळ आरशासारखं चकाकत होतं. पाठीमागे कोरलेला एडिशन नंबरही घासून गेला होता.

"लई खराब झालं होतं रे," त्याचे वडील हसून म्हणाले. चाकणच्या एका कंपनीत ते तीस वर्षं बफिंगला, म्हणजे धातू घासून चकाकवायच्या कामाला होते. "काल बसून हातानं पॉलिश केलं. आता एक डाग सापडायचा न्हाई."

"जन्मभर घासतच राहिलात, बाबा," निखिल म्हणाला. "दुसरं येतंय काय तुम्हाला?"

काकांनी चष्मा लावला. मग म्हणाले, "ओरखडे कुठं कुठं होते तेवढं सांग. परत पाडून देतो."

आम्ही दोघंही खो खो हसलो. काका घड्याळ हातात धरून उत्तराची वाट बघत होते.

खरं सांगा, तुम्ही हसला नसतात?