अगस्ती यानावरचं बाळंतपण

मोहितेबाईंकडे खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी जात विचारली नाही, दारू पितोस का तेही विचारलं नाही. दारातच विचारलं, "जन्म कधीचा?"

"एक जून," मी म्हणालो.

"तू पण?" बाई हसल्या. "अर्ध्या महाराष्ट्राला मास्तरांनी एकाच दिवशी जन्माला घातलाय. मास्तरने दिलेली तारीख नको मला. आईला फोन लाव."

हातात बॅग धरून मी उंबऱ्यावरूनच फोन लावला. आई हिंगोलीकडच्या आमच्या खेड्यात. कोण कुठली बाई लेकाचा जन्म विचारतेय म्हणून आधी घाबरली. मग म्हणाली, "तूर काढणं चालू व्हतं बघा. संक्रांतीच्या आधी चार रोज." बाईंनी डोळे मिटून बोटांवर मोजलं. "जानेवारी, कागदावरच्या जूनच्या पुढची. मास्तरने तुला सव्वासात महिने म्हातारा केलाय, दत्ता. ये आत."

बाई चौतीस वर्षं आरोग्यसेविका होत्या, देवरूखच्या वरच्या डोंगरी गावांमध्ये. तिथे कुणी तारीख सांगत नसे. 'पालखी नाचत होती तेव्हा', 'नाचणीची लावणी अर्धी झालेली'. त्यावरून बाई रजिस्टरात तारीख लिहायच्या, आणि शाळेत पोर जायच्या वेळी त्या तारखेसाठी मास्तरशी भांडायलाही उभ्या राहायच्या. त्यांचा एक नियम होता: "बाप वर्ष सांगतो, आई दिवस सांगते. आईला विचारायचं. जी तिथे होती तिलाच विचारायचं." नवरा लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत होता. त्याच्या नोकरीपायी इथे घर बांधलं, आणि तो गेल्यावर मागची खोली त्या कंपनीतल्या कामगारांना देत. मी तसाच एक. ठेकेदाराचा माणूस, आठवीनंतर शाळा सुटलेला. का सुटली ते इथे सांगत बसत नाही.

लसी ठेवायचा एक निळा डबा होता त्यांच्याकडे, झाकण मोडलेला, म्हणून सरकारने सोडून दिलेला. मला वाटलं त्यात औषधं असतील. निघाली पुस्तकं. 'अगस्ती यान' नावाची विज्ञानकथांची मालिका, पातळ पातळ पुस्तकांची, नंबर एकपासून. चाळीसेक वर्षं चालली. एक लेखक थकला की दुसरा लिहायचा, आणि मागच्याने काय लिहिलं ते पुढचा धड वाचायचा नाही. त्यामुळे घोळ. कप्तान एका पुस्तकात पस्तिशीचा, पुढच्यात तिशीचा. चौदा महिने बाहेर असलेल्या माणसाला घरी पोर होतं आणि तो पेढे वाटतो!

"हे बघ," बाई म्हणायच्या. "चार महिन्यांच्या बाळाला चार दात, आणि तो चकली खातोय. लिहिणारा बिनलग्नाचा असणार."

पोलिओची जुनी कॅलेंडरं भिंतीवर उलटी टांगून त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी यानातल्या प्रत्येकाचा जन्म, आजार, बाळंतपण, मरण ओळीने मांडलं होतं. प्रवासाच्या तारखा चुकल्या तरी त्या पोटावरून वर्ष काढत. "सूर्य दोन असूदेत नाहीतर चार. नऊ महिने ते नऊ महिने."

मी आलो त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. अक्षर दिसेना. पहिली पाळी करून मी साडेतीनला येई, चहा होई, आणि मी वाचून दाखवी. सुरुवातीला माझी जीभ अडखळायची. जोडाक्षर आलं की घाम फुटायचा. बाई म्हणायच्या, "सावकाश. यान काय पळून जातंय?" 'अंतरिक्ष' हा शब्द मला नीट म्हणता यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात बाई एकदाही हसल्या नाहीत. शब्द जमला त्या दिवशी मात्र हसल्या.

मग प्रकाशकाच्या नातवाने ठरवलं की सगळी मालिका नव्याने छापायची, क्रमाने, आणि कुठे काही जुळत नसेल ते पुस्तक गाळायचं. जुन्या वाचकांचा व्हॉट्सअॅपवर एक गट होता, त्यांच्यावर क्रम लावायचं काम सोपवलं. बाई त्यात होत्या. पुण्याचे एक निवृत्त इंजिनियर त्या गटाचे पुढारी. सगळे त्यांना आप्पा म्हणत.

एक्केचाळीस नंबर गाळायचं ठरायला लागलं. त्यात वेणू नावाची नर्स यानावर एक अवघड बाळंतपण करते. यानाच्या नोंदवहीत लिहिलंय, बारा तारीख, पहाटे तीन. पण अडतीस नंबरात बारा तारखेला पहाटे तीनला हीच वेणू चंद्रावरच्या तळावर आहे. तिथून दुपारी निघते.

आप्पांनी लिहिलं, "बाई, भावना बाजूला ठेवा. एक व्यक्ती एका वेळी दोन ठिकाणी नसते."

"त्यांना सांग," बाई मला म्हणाल्या, "सरकारी कागदावर मी एका दिवशी तीन गावांत असायचे." मी टाइप केलं. पण हसून झाल्यावर म्हणाल्या, "सगळ्या पुस्तकांत बाया एक तर सुंदर, नाहीतर मेलेल्या. ही एकटी कामाला जाते रे. हिलाच काढतायत."

रविवारपर्यंत मुदत होती. शुक्रवारी त्यांनी मला एक्केचाळीस पुन्हा वाचायला सांगितलं. मी नोंदवही वाचू लागलो: "बारा तारीख, दुपारी तीन. बारा तारीख, रात्री अकरा. बारा तारीख, पहाटे तीन. तेरा तारीख, सकाळी सात." आणि थांबलो.

मला ते कळलं होतं. पण तोंड उघडेना. कारण सांगतो. कंपनीत नवा असताना मी तिसरी पाळी करून सकाळी सुपरवायझरकडे गेलो होतो, की हजेरी चार तारखेची लागलीय, मी तर पाच तारखेच्या सकाळपर्यंत काम केलं. अख्खं गेट हसलं. "पाळीचा दिवस सकाळी सातला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी सातला संपतो, शहाण्या!" त्या दिवसापासून कुठल्याही कागदात चूक दिसली की मी आधी स्वतःलाच चूक समजतो.

"काय झालं? जोडाक्षर आलं?" बाई.

"नाही. बाई, ही पहाट रात्रीच्या नंतर लिहिलीय. तारीख तीच."

"छापताना मागंपुढं झालं असेल. आप्पा पण तेच बोलले."

"आमच्याकडं असंच लिहितात," मी म्हणालो, आणि मग पाळीचं सगळं सांगितलं. यानावर पण तीन पाळ्याच आहेत. सात, तीन, अकरा. पाळी बाराची, म्हणून नोंद बाराची. पण खरी पहाट तेराची. वेणू बाराला दुपारी निघाली, संध्याकाळी पोचली, आणि रात्र ओलांडून बाळंतपण केलं.

बाईंनी बोटांवर मोजलं. दोनदा मोजलं. मग उठल्या आणि मला भिंतीपाशी नेऊन म्हणाल्या, "दाखव. कुठे मांडायचं ते दाखव." मी दाखवलं. त्यांनी माझ्या बोटाशेजारी चाचपत खूण केली. डोळ्यांतून पाणी येत होतं. मोतीबिंदूचं, म्हणाल्या.

गटावर कळवायचं म्हटल्यावर मी फोन त्यांच्यापुढे धरला. "तुम्ही सांगा, मी टाइप करतो."

"मी होते का कधी तिसऱ्या पाळीत? जो तिथे होता त्याने लिहायचं."

तासभर लागला. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. खाली माझं नाव होतं, आणि सुरुवात अशी होती: 'माफ करा, मी फक्त आठवी शिकलेला आहे, चूक असेल तर...'

"थांब," बाई म्हणाल्या. "हे त्यांनी विचारलंय?"

"नाही."

"मग काढ."

"पण बाई, उद्या त्यांना कळलं तर—"

"काय कळेल? बाळ तेराला झालं हे कळेल. काढ मेल्या."

काढलं. पाठवलं. आप्पांचं उत्तर शनिवारी सकाळी आलं: "आम्ही नऊ जण दोन महिने बसलो होतो. लक्षात कसं आलं नाही? मी जन्मभर जनरल शिफ्टच केली. एक्केचाळीस राहणार. पुढची पुस्तकंही तुम्हीच बघाल का, सर?" मी बाईंना 'सर' पर्यंत वाचून दाखवलं आणि बाहीने डोळे पुसले. "आता रडत बसू नको," बाई म्हणाल्या. "चहा टाक. आणि हो म्हणून कळव."

पुढे मुलगी त्यांना ऑपरेशनसाठी ठाण्याला घेऊन गेली. डोळे छान झाले, पण मुलगी आता सोडत नाही. जाताना निळा डबा माझ्या खोलीत ठेवून गेल्या. भिंतीवरची कॅलेंडरं तशीच आहेत. मी अजून ठेकेदाराकडेच आहे. घर लांब आहे, काळजी सुटलेली नाही, साधी चिठ्ठी लिहायलाही अजून वेळ लागतो. पण लिहितो. दर रविवारी बाईंचा फोन येतो.

"कुठवर आलास?" परवा विचारलं.

"सत्तावन्न. वेणूने सोडवलेलं पोरगं चालायला लागलंय."

"बरोबर. वर्षाचं झालं ते."

"नाही बाई. दहाच महिने झाले. मी मोजलं."

पलीकडे एक-दोन-तीन असं पुटपुटणं. बोटांवर मोजत असणार.

"होय रे. दहाच. माझं चुकलं." मग लगेच, "सोडून चालतंय की धरून?"

मी पान उलटून बघितलं. "भिंतीला धरून."

"मग चालेल एखादं दहाव्यातही. लिही कॅलेंडरावर."