विहिरीवरची तपासणी

छप्पन साली नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचा भाग नव्या मध्य प्रदेशात राहिला, त्या वर्षी निवडीच्या कुस्त्या नागपूरऐवजी जबलपूरला ठरल्या. मी पांढुर्ण्याच्या शाळेत ड्रिल शिकवत असे आणि आखाड्यातल्या पोरांचे सांधे बसवणं, चोळणं, शेकणंही माझ्याकडेच होतं. वहीत तीन रकाने होते: नाव, दुखणं, खेळेल की नाही. माझ्या शेऱ्याशिवाय कोणी जात नसे.

आमचा सगळ्यात चांगला मल्ल सतरा वर्षांचा होता. महिन्यापूर्वी त्याचा उजवा खांदा निखळला होता. मी त्याला विहिरीवर नेऊन उजव्या हाताने डोक्यावर पाणी ओतायला सांगितलं.

"पाहा ना गुरुजी, काहीच दुखून नाही राहिलं," तो ओतता ओतता हसला.

त्याने हात वर नेलाच नव्हता. डोकं खाली तांब्याकडे नेलं होतं. खांदा कच्चा आहे हे मला तिथेच कळलं. पण जबलपूरवाल्यांना चीत करायची घाई साऱ्या गावाला झाली होती, आणि मलाही. मी 'खेळेल' असं लिहिलं.

दुसऱ्याच कुस्तीत खांदा पुन्हा निखळला आणि या वेळी नस तुटली. सहा महिने मी तो हात चोळला. बोटं हलली नाहीत.

एकदा शेकताना तो रडायला लागला. "गुरुजी, त्या दिवशी विहिरीवर मी तुमाले फसवलं. तुमचं नाव खराब केलं. माफ करा."

"जाऊ दे, केलं माफ," मी म्हणालो आणि शेकायची पुरचुंडी पुन्हा तव्यावर ठेवली.