बिरड्यातली एक मूठ

पहिली शिफ्ट संपवून लॉकर उघडला, तर फोनवर नामदेवच्या बायकोचे, कुंदावहिनींचे, तीन मिस्ड कॉल होते. नामदेव गेला, हे परत फोन लावण्याआधीच मला कळलं. त्याला आता सव्वा महिना झाला. त्या क्षणी काय वाटलं, ते मी अजून घरीही बोललेलो नाही. रडू नंतर आलं. आधी सुटल्यासारखं वाटलं... आता मला कुणी विचारणार नाही, असं.

नामदेव पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातला, मिठागरात राबलेल्या घरचा. मी रोह्यात राहतो. कोलाडकडे आमची भातशेती आहे, आणि भात काढला की त्याच रानात वाल. रोह्याच्या एका कंपनीत आम्ही बावीस वर्षं एकाच शिफ्टला होतो. ओळख झाली ती डब्यावरून. पहिल्याच आठवड्यात माझ्या डब्यातला सुका जवळा तोंडात टाकून त्याने विचारलं, "कोणी केलाय?" मीच, म्हटल्यावर हसला. "म्हणून कचकचतोय. अरे, आधी भाज, मग धू. रेती खाली बसते नि वासपण जातो." मी काही विचारलं नव्हतं. त्याला विचारावं लागतच नसे. ओले बोंबील तळायच्या आधी वजनाखाली किती वेळ दाबायचे, चिंबोऱ्यांच्या कालवणात बारीक नांग्या ठेचून त्यांचा रस कसा घालायचा, हे तो गेटवरच्या वॉचमनलाही सांगत उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी विचारायचा, "केलंस? जमलं काय?" आणि नाही म्हटलं, की पुन्हा पहिल्यापासून सांगायचा.

माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं, आईकडून शिकलेलं वालाचं बिरडं. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग एकेक सोलायचा. नामदेवने ते पहिल्यांदा खाल्लं, तेव्हा भाकरीच्या तुकड्याने माझा डबा पुसून घेतला. "सुध्या, हे सांग बाबा." मी सांगितलं. वाटणात खोबरं, जिरं, लसूण. पळीने ढवळायचं नाही, भांडंच हिसडायचं. झाकणावर पाणी ठेवायचं, तेच गरम झालं की आत घालायचं. सगळं सांगितलं, एक सोडून. त्याच वाटणात मूठभर सोललेले कच्चे वाल वाटायचे असतात. रस त्यानेच दाट, मिळून येतो, आणि मागून किंचित कडू लागतो.

का नाही सांगितलं? कामात तो माझ्याहून तरबेज, बोलण्यात तरबेज, रांधण्यातही. एवढं एक तरी माझं असू दे, असं वाटलं. त्यानंतर दर हंगामात तो स्वतः केलेलं बिरडं आणायचा आणि मी चव घेईपर्यंत तोंडाकडे बघत बसायचा. "जवळ आलंय," मी म्हणायचो. "जवळ म्हणजे कुठवर? पेणहून निघून नागोठण्यापर्यंत तरी पोचलो काय?" "नागोठणं सोडलंस." "मग रोहा काय लांब नाय!" आणि आम्ही दोघं हसायचो. मीही हसायचो, हे आता आठवतं.

गेल्या वर्षी त्याचं दुखणं निघालं. औषधांनी तोंडाची चव गेली, अन्न नकोसं झालं. एका संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्यांना काय जात नाय. भातावर बिरड्याचा रस मागतात, नि मी केलं की म्हणतात ही सुध्याची चव नाय. काय राहतंय हो आमचं?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याबरोबर इतक्या वर्षांचं लपवणंही बाहेर आलं असतं. मी म्हणालो, "काही नाही वहिनी, हाताचा गुण असतो. रविवारी मीच घेऊन येतो."

घेऊन गेलो. उशीला टेकून त्याने पाच घास खाल्ले. "रोहा आला," म्हणाला. मी म्हटलं, आता दर रविवारी आणीन. पुढच्या रविवारी ओव्हरटाइम होता. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे. गुरुवारी तो गेला.

मागच्या आठवड्यात सोललेले वाल घेऊन मी पेणला गेलो आणि स्वयंपाकघरात बसून वहिनींना सगळं सांगितलं. त्या ओट्याला टेकून ऐकत होत्या.

"म्हणजे त्या दिवशी फोनवर तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

त्यांनी ओट्यावरचं फडकं उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "ते दोन रविवार मी करून घातलं असतं हो." आवाज चढला नाही. मी मान खाली घातली... माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण ती मागणंसुद्धा त्यांच्याकडून काही घेण्यासारखं वाटलं.

त्यांनी माझ्यासमोरची पिशवी उचलली. खोबरं खवलं, त्यात एक मूठ वाल घालून वाटलं, भांडं चुलीवर चढवलं. शिजल्यावर तळहातावर थेंबभर रस घेऊन चाखला. "हीच," एवढंच म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसून मागच्या दारात गेल्या.

"गो शेवंता, वाटी घेऊन ये! नि ऐक, बिरड्याच्या वाटणात मूठभर कच्चे वाल वाटायचे. आमच्या भाऊजींनी सांगितलंय."

"व्हय?" कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली. "कधी गो?"

वहिनींनी मागे वळून पाहिलं नाही.

"आज," त्या म्हणाल्या.