घडीच्या पडद्याचं दुसरं टोक

दादाचा फोन आला तेव्हा मी ईलिंगच्या घरी सकाळचा चहा गाळत होतो. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, नॉटिंगहॅमला डॉक्टर. "अरे, तो पडदा मिटायचा कसा? ही माणसं आलीत न्यायला, त्यांना पलंगापर्यंत वाट नाही..." एवढंच बोलला. कुणाला न्यायला, हे मी विचारलं नाही. वहिनी असत्या तर हा प्रश्न त्यानं मला विचारलाच नसता. "त्यांना दुपारी बोलाव, मी येतो," म्हणालो आणि चहा गाळणीसकट सिंकमध्ये ओतून मोकळा झालो.

पडदा म्हणजे खिडकीचा नव्हे. जुना जपानी घडीचा पडदा. माणसाच्या उंचीच्या सहा चौकटी, कागदी बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या, नागमोडी उभ्या राहणाऱ्या. त्यांवर सोन्याचा वर्ख, आणि वर्खावर लव्हाळ्यात उतरणारे हंस. नवं घर घेतलं त्या वर्षी दादा-वहिनी एका लिलावात जेवणाचं टेबल आणायला गेली आणि हे घेऊन आली. "टेबल कुठाय?" मी विचारलं. "ते तुझ्या वहिनीला विचार," दादा म्हणाला, "आपण आता बदकांसमोर जमिनीवर जेवायचं." वहिनी शांतपणे सतरंजी अंथरत होत्या. "बसूनच बघायचा असतो तो, भाऊजी. आणि बदकं नाहीत ती, हंस आहेत."

तो उघडायला-मिटायला दोन माणसं लागतात. घरात ती दोघंच, आणि दादानं पहिल्याच दिवशी अंग काढून घेतलं. मी तेव्हा एक कॉन्ट्रॅक्ट संपून दुसरं मिळेपर्यंत त्यांच्याकडे राहत होतो, म्हणजे दोन्ही वेळा जेवून सोफ्यावर लोळत होतो. त्यामुळे दुसरं टोक धरायला माझी नेमणूक झाली. हात धुवा, अंगठी काढा, बोटं वर्खाला लावू नका, शिंक आली तर आधी सांगा... माझ्या लग्नातसुद्धा मला इतक्या सूचना कुणी दिल्या नव्हत्या. हीटिंगनं कागद तडकतो म्हणून हॉलचा रेडिएटर कायम बंद. तिथल्या मराठी मंडळातल्या बायका त्यांच्याकडे हळदीकुंकवाला कोट घालून बसायच्या आणि "अगं, तुझ्या हंसांना मोजे विण" असं म्हणायच्या. वहिनी सगळ्यांत जोरात हसायच्या, रेडिएटर मात्र लावायच्या नाहीत.

दादा पडद्याला कायम 'पार्टिशन' म्हणायचा. मला तो अरसिकपणा वाटायचा. एकदा गाडीत मी त्याला त्यावरून चिडवलं, तर समोर बघत म्हणाला, "मी दिवसभर वॉर्डात पडदेच बघतो रे. एखाद्याच्या पलंगाभोवती लागला, की शेजारचे पेशंट कूस बदलून घेतात." पुढचा सगळा रस्ता मी रेडिओ ऐकला.

मग वहिनींचं दुखणं निघालं. जिना चढवेना, तेव्हा त्यांचा पलंग हॉलमध्ये आला. त्यांनी तो होईल तितका खाली करून घेतला आणि आम्हां दोघांकडून पडदा उघडवून दाराच्या बाजूला लावून घेतला... चित्र त्यांच्याकडे, पाठ बाहेर. येणाऱ्याजाणाऱ्यांना मागचा मळका कागद. "इतकी वर्षं लोकांना दाखवला," त्या म्हणाल्या, "आता मी बघते."

दादा त्या पडद्याआड जायचा तो फक्त डॉक्टर म्हणून. नाडी, गोळ्या, उशी, की बाहेर. "हीटिंग बंद करा हो, कागद तडकेल," असं त्या म्हणाल्या की ओरडायचा, "कागद गेला खड्ड्यात! तुला थंडी वाजतेय." आणि थोड्या वेळानं पाण्यानं भरलेलं पातेलं रेडिएटरवर ठेवून जायचा. हवा कोरडी होऊ देऊ नये, असं त्यानं वहिनींच्याच, अशा पडद्यांवरच्या एका पुस्तकात वाचलं होतं. कधी वाचलं, कोण जाणे.

शेवटचं भेटलो तो रविवार होता. चारलाच अंधारून आलेलं. मी पलंगापाशी जमिनीवर बसलो होतो. "बघा," वहिनी म्हणाल्या, "या वेळी ते सोनं राहत नाही, धुकं होतं. हंस कुठून आले ते कळत नाही... नुसते आलेले असतात." मग म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या दादाला सांगा, राउंड संपला म्हणावं. बसा आता जरा."

मी स्वयंपाकघरात जाऊन जसंच्या तसं सांगितलं. दादा पातेलं धूत होता. "एकदा बसलो तर उठवणार नाही रे मला," असं म्हणाला. मला वाटलं, गुडघ्यांबद्दल बोलतोय. मी त्याच्या गुडघ्यांवर एक विनोद केला. तो हसला, आपण समोरच्याचं मन राखायला हसतो ना तसा.

त्या फोनच्या दिवशी मी पोचलो तेव्हा तो पडद्याबाहेर उभा होता. वहिनी गेल्या तेव्हा आत होता म्हणाला. "पण उभाच होतो." आम्ही दोन टोकांना गेलो. मी वहिनींच्याच सूचना देत सुटलो... हात कोरडे कर, घाई करू नकोस, अंगठी काढ. हे शेवटचं बोलून गेलो आणि जीभ चावली. दादानं साखरपुड्याच्या अंगठीकडे पाहिलं. मग शर्टाची बाही बोटांवर ओढून घेतली आणि तशीच चौकट धरली. एकेक घडी मिटत गेली, आणि पलीकडे वहिनी दिसल्या.

आता काही आठवडे झाले. दर शुक्रवारी दादाचा फोन येतो, "रविवारी येतोस का? एकट्याला उघडता येत नाही." मी जातो. आम्ही पडदा उघडतो, आणि तो सोफ्याचा हात धरून, कण्हत, खाली बसतो. "हिला यात काय दिसायचं रे?" असं विचारतो. मी धुक्याचं सांगतो, हंसांचं सांगतो. माझ्याकडचं सगळं दुसऱ्याच रविवारी सांगून संपलं. आता मी तेच मागचं पुढं करून सांगतो, आणि तो काही लहान नाही, त्याला ते कळतं. तरी मी थांबलो, की पडद्यावरची नजर न काढता म्हणतो, "हं... मग?"